प्रतिसाद: मलप्रभा आणि खानापूरचं सांडपाणी

वर एकांनी लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर लहान गाव, पावसाळ्यात मलप्रभा नदी सगळं वाहून नेते, मग सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च कशाला? जुलै-ऑगस्टमध्ये ते पटेलही. पण एप्रिल-मे बघा. उगमाकडून, कणकुंबीहून, येणारी नदीची धार तेव्हा अगदी बारीक होते आणि गटाराचं पाणी मात्र तेवढंच राहतं. हीच नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात साठते आणि तिथून हुबळी-धारवाडला प्यायला पाणी जातं.

कच्च्या सांडपाण्याचा बीओडी (म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; जितका जास्त तितकं पाणी घाण) साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. केंद्राच्या २०१७ च्या नियमानुसार लहान शहरांना ३० पर्यंत आणून सोडायची मुभा आहे. आंघोळीच्या पाण्याचा निकष मात्र ३! म्हणजे नियमात बसलेलं पाणीसुद्धा दहापट स्वच्छ पाण्यात मिसळावं लागतं, आणि उन्हाळ्यात नदीत तेवढं पाणी असतं कुठे? त्या दिवसांत ते शुद्ध केलेलं पाणी नदीत न सोडता शेतीला द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

राहिला विजेचा मुद्दा, म्हणजे वीज गेली तर काय? शुद्धीकरणाच्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर तासन्‌तास बंद राहिले तर घाण खाणारे टाकीतले जिवाणू मरतात, गाळ काळा पडून वास सुटतो. जागा मिळत असेल तर सांडपाणी उथळ तळ्यांत साठवून शुद्ध करायची पद्धत बरी, तिला वीज जवळपास लागत नाही. आणि पावसाचं पाणी गटारात शिरू देऊ नका, इथल्या पावसात टाकीतला जिवाणूंचा सगळा गाळच धुऊन जाईल. नगरपंचायतीच्या बैठकीत आधी तळ्यांसाठी जागेचं विचारा.