मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये आई-बाबांना वाफेची गाडी दाखवायचीय

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबा आमच्याकडे नॉरिचला येताहेत. बाबांचं बालपण कुर्डुवाडीचं, बार्शी लाइटच्या रुळांशेजारी. ती अडीच फुटी (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं) गाडी जाऊन रुंद रूळ आले, तरी फोनवर अजून त्या शिट्टीची नक्कल करतात (आई वैतागते). म्हणून लंडन-बिंडन बाजूला ठेवून आधी इथल्या वाफेच्या गाड्या.

दोन डोक्यात आहेत. एक शेरिंगहॅम ते होल्ट, सव्वापाच मैल, मोठ्या रुळांची. मध्ये वेबर्नला इंजिनांची शेड आहे. दुसरी रॉक्सहॅम ते एल्शमची ब्यूर व्हॅली, नऊ मैल, रूळ जेमतेम १५ इंचांचे. म्हणजे आपली माथेरानची दोन फुटीसुद्धा हिच्यापुढे थोराड! नॉरिच-शेरिंगहॅम लोकल रॉक्सहॅमला थांबतेच, त्यामुळे गाडी चालवायची कटकट नाही.

अडचण आईच्या गुडघ्याची. ब्यूर व्हॅलीचे डबे इतके बुटके दिसतात की वाकून, पाय दुमडून बसावं लागेल असं वाटतं. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का? चढता-उतरताना त्रास झाला का? होल्टचं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून गावात कसे गेलात? आणि दोन्ही एकाच दिवशी उरकतील, की नुसती पळापळ होईल?

डिझेल इंजिन लागलं तर बाबा तोंड पाडून बसतील, तेव्हा त्या दिवशी वाफेचंच आहे ना, हे तुम्ही कसं पक्कं केलंत तेही सांगा. डबा घरूनच नेणार आहोत, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.