ऑफिसात स्मोकिंग रूम: द्यावी की देताच येत नाही?

दप्तरी
अडीचशे माणसांचं, तळमजला अधिक तीन मजल्यांचं खाजगी ऑफिस धरू. मालकाने काचेची स्मोकिंग रूम बांधावी का? माझं म्हणणं, प्रश्नच चुकीचा आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या (बोलीभाषेत 'कोटपा') कलम 4 ने तशी खोली फक्त तिघांना दिली आहे: तीस खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी 'कामाची जागा' सार्वजनिक ठिकाणात स्पष्ट शब्दांत घातली. त्यामुळे "आमच्याकडे कार्डाशिवाय कोणी आत येत नाही" हा बचाव तेव्हाच संपला.

कलमबहाद्दर
इतकं सोपं नाही. त्याच नियमांत 'रेस्टॉरंट'ची व्याख्या वाचा, तिच्यात कॅन्टीन हा शब्द आहे. ऐंशी खुर्च्यांचं कॅन्टीन असलेल्या कंपनीने तिथे खोली केली तर कुठे अडणार?

दप्तरी
व्याख्येच्या पहिल्याच ओळीत. 'जिथे जनतेला प्रवेश आहे' आणि जिथे खाणंपिणं विकलं जातं अशी जागा, असं तिथे म्हटलंय. कॅन्टीन वगैरे यादी त्यानंतर येते. तुमच्या कॅन्टीनमध्ये रस्त्यावरचा माणूस येऊन वडापाव घेऊ शकतो का? नाही ना, मग ते कॅन्टीन कामाच्या जागेचाच भाग.

गारवा
वातानुकूलनाच्या बाजूने सांगतो. खोली ज्यांना चालते त्यांनाही ती जमणं अवघड आहे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं दार, हवा थेट बाहेर आणि आतला दाब इमारतीपेक्षा कमी, एवढं नियमात लिहिलंय. प्रत्यक्षात भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच उठते आणि धूर वरून शेजारच्या खोलीत उतरतो. एक्झॉस्ट फॅन मोठा लावतात, पण बदली हवेला वाट ठेवत नाहीत. मग पंखा नुसता घुमतो आणि दार उघडायला जोर लागतो. कंटाळून कोणीतरी दाराला पाचर लावतं, तिथे दाबाचा फरक संपला. तपासायला यंत्र नको: दार बोटभर उघडून फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला नाही तर ती खोली कागदावरच आहे.

पाळीप्रमुख
खोली नको, मान्य. पण 'आवारात कुठेच नाही' हा फतवा काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सिगारेट सुटत नाही, फक्त जागा बदलते. संडासात थोटूक टिश्यूच्या डब्यात जातं, धूरसंवेदकावर प्लॅस्टिकची पिशवी चढते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जनरेटरच्या मागे, डिझेलच्या शेजारी अड्डा जमतो. कलम 3 मधल्या सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे. मग आवाराच्या कोपऱ्यात, डोक्यावर छप्पर नसलेली एक जागा ठरवून द्या, वाळूची बादली ठेवा.

दप्तरी
आणि कामाची जागा हा शब्द नियमात बिनशर्त आला आहे, त्याचं काय? शिवाय सार्वजनिक ठिकाणी अॅशट्रे, काडेपेटी, लायटर पुरवायलाही बंदी आहे. तुमची वाळूची बादली म्हणजे अॅशट्रेच.

पाळीप्रमुख
नियम मूळ कायद्याच्या पुढे धावू शकत नाही. कायदा मोकळी जागा सोडतो. 2008 च्या नियमांनी त्या सवलतीतून काढलेल्या जागा पाहा: खुलं सभागृह, स्टेडियम, रेल्वे स्थानक, बस थांबा, म्हणजे लोकांची वर्दळ असलेली ठिकाणं. ऑफिसचं मागचं अंगण त्या जातीचं नाही. आणि जागा सार्वजनिक नसेल तर बादलीही चालते. स्टिल्ट पार्किंगला मात्र मी मोकळं म्हणणार नाही, वर स्लॅब आहे आणि खाली पेट्रोलच्या टाक्या.

गारवा
मोकळी जागा म्हणून गच्चीला होकार देण्याआधी वर जाऊन बघा. ताजी हवा ओढणारं तोंड बहुतेक तिथेच असतं. त्याच्याजवळ चौघे उभे राहिले की धूर तिसऱ्या मजल्यावर. शिवाय जिन्याचं अग्निरोधक दार वीट लावून उघडं राहतं. कायदा अंतर सांगत नाही, पण दारं-खिडक्यांपासून आठ-दहा मीटर तरी सोडा. ते 'शंभर यार्ड' इथे लावू नका. तो शाळा-कॉलेजजवळच्या तंबाखूविक्रीचा नियम आहे.

कलमबहाद्दर
दंड तर दोनशे रुपयांपर्यंत. एवढ्यासाठी इतका काथ्याकूट?

दप्तरी
दोनशे ओढणाऱ्याचे. तक्रार येऊनही मालक किंवा व्यवस्थापक गप्प बसला, तर जितके गुन्हे तितक्या वेळा दंड त्याच्यावर. रक्कम किरकोळ आहे, पण तक्रार नोंदलेली असते आणि नाव तुमचं असतं. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव भिंतीवर लावणं सक्तीचं आहे. बहुतेक ऑफिसांत ते नसतंच.

फलकाचंही तसंच. दुकानातला वीतभर स्टिकर चालत नाही. किमान 60 बाय 30 सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, 15 सेंटिमीटर व्यासाचं लाल वर्तुळ, त्याची कड किमान 3 सेंटिमीटर. प्रत्येक प्रवेशद्वारावर, आणि प्रत्येक मजल्यावर जिन्यात आणि लिफ्टच्या तोंडाशी. वर धरलेल्या इमारतीला दोन दारं, एक जिना, एक लिफ्ट असेल तर दारांचे दोन आणि चार मजल्यांचे आठ, असे दहा फलक. शिवाय आतल्या दर्शनी जागांचे वेगळे.

कलमबहाद्दर
मग सुरक्षारक्षकाला पावतीपुस्तक द्या, पाचशे-पाचशे पगारातून कापा. आठवड्यात शिस्त लागेल.

दप्तरी
दोन्ही चुका. दंड वसूल करण्याचा अधिकार नियमांच्या अनुसूचीतल्या लोकांनाच आहे. खाजगी कार्यालयात संस्थाप्रमुख, एचआर व्यवस्थापक किंवा प्रशासनप्रमुख. तोही दोनशेच्या आत, पावती देऊन, आणि पैसे सरकारजमा. रक्षकाने फक्त कळवायचं.

पगारातून कापणं हा वेगळाच कायदा. ज्यांसाठी दंड करता येतो अशा कृत्यांच्या मंजूर यादीत ते कृत्य हवं, कामगाराला आधी म्हणणं मांडू दिलेलं हवं, त्या वेतनकाळातल्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जायचं नाही, हप्ते पाडायचे नाहीत, नव्वद दिवसांनंतर वसुली नाही. जुन्या वेतन प्रदान कायद्यात हेच होतं, वेतन संहितेतही हेच. पंधरा हजारांच्या पगारावर ही मर्यादा साडेचारशे होते, म्हणजे तुमचे पाचशे तिथेच बेकायदा.

पाळीप्रमुख
एवढं मात्र पटलं. स्थायी आदेशांत (आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या नियमावलीत) 'मनाई असलेल्या जागी धूम्रपान' हे गैरवर्तन लिहिलेलं असेल तर लेखी ताकीद द्या, ती दंडापेक्षा जास्त लागते. पण ती द्यायला मनाईच्या जागेची हद्द आखलेली हवी. म्हणून पुन्हा सांगतो, मागच्या अंगणात पिवळा पट्टा मारा.

दप्तरी
मारा. फक्त ती जागा जनरेटरपासून लांब आहे आणि वर पत्रा नाही, हे आधी लेखी नोंदवा. पावसाळ्यात कोणीतरी ताडपत्री बांधणारच, आणि मग तुमची मोकळी जागा मोकळी राहत नाही.