वडिलांची २००८ ची मारुती ८०० चांगल्या हाती द्यायची आहे (नाशिक)

गंगापूररोडकर:
वडील पाच महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या नावावर एमएच १५ पासिंगची मारुती ८०० आहे. पेट्रोल, २००८ ची. २०२३ मध्ये नूतनीकरण झालंय, त्यामुळे आरसी सप्टेंबर २०२८ पर्यंत चालू. गाडी दीड वर्ष पार्किंगमध्ये उभी आहे. वारस आई, मी आणि बहीण. भंगारात घालायची नाही, वापरणाऱ्या माणसाला द्यायची आहे. एक डीलर म्हणतो, "२९-३० वर सही द्या, बाकी आम्ही बघतो." द्यावी का? आणि गाडी सुरू कशी करायची?

पेठरोड_खिडकी:
सही कोणाची देणार? २९ आणि ३० हे मालकी बदलाचे फॉर्म, त्यांवर मालकाची सही लागते आणि आरसीवरचे मालक हयात नाहीत. त्यांच्या नावाची सही दुसऱ्याने केली तर तो सरळ खोटा दस्तऐवज. आधी गाडी एका वारसाच्या नावावर घ्या, मगच विका.

त्यासाठी फॉर्म ३१. मृत्यूची खबर ३० दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. तुमचा उशीर झालाय, दंड भरावा लागेल. सोबत मृत्यू दाखला, मूळ आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन, चासी नंबरची पेन्सिल छाप आणि उरलेल्या दोघांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. वारस दाखला हवा की प्रतिज्ञापत्र चालेल, हे पेठ रोडच्या आरटीओत आधीच विचारून घ्या, नाहीतर दोन खेपा नक्की. आईच्या नावावर घेतलीत तर पुढच्या विक्रीला सही आईचीच लागेल, तेही डोक्यात ठेवा.

लोक अडकतात ते दोन ठिकाणी. ओटीपी वडिलांच्या बंद सिमवर जातो, म्हणून वाहन पोर्टलवर मोबाइल नंबर आधी बदला. आणि जुनी ई-चलानं थकली असतील तर अर्ज पुढे सरकत नाही.

विम्याचं: मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल तेवढीच चालते. तुमची संपली. नवीन पॉलिसी होईपर्यंत गाडी रस्त्यावर नकोच. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) मात्र वारसाला मिळू शकतो, तो मागा.

तीन_सिलिंडर:
दुसऱ्या बॅटरीवरून जंप देऊन लगेच किल्ली फिरवू नका, तिथेच बिघाड होतो. टाकीतलं दीड वर्षाचं पेट्रोल आधी काढा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते, पंप आणि इंजेक्टर चोंदतात. एअर फिल्टरचा डबा उघडून उंदराचं घरटं आहे का बघा आणि वायरिंग कुरतडलंय का तेही पाहा.

मग तिन्ही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका. तासाभराने गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून दोन-चार फूट ढकला. इंजिन अडत नसेल तरच पुढे. मग ऑइल, कूलंट, बॅटरी. टायमिंग बेल्टला बारीक भेगा असतील तर सुरू करण्याआधीच बदला. मागची चाकं जाम असतील तर हँडब्रेक सोडून ड्रमवर हातोडीने हलके ठोका, ब्रेक लायनर चिकटलेले असतात.

सगळ्यात महत्त्वाचा पत्रा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरने फ्लोअर दाबा. टोक आत गेलं तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

गंगापूररोडकर:
मॅट उचललं. फ्लोअर कडक आहे, बॅटरीखालचा ट्रे मात्र सडलाय. टायर बदलून विकावेत का?

तीन_सिलिंडर:
ट्रे किरकोळ काम, वेल्डिंगवाला करून देईल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, १२१७ म्हणजे २०१७ चा बारावा आठवडा. इतके जुने निघाले तर बदलू नका, किंमत कमी करा. घेणारा आपल्या पसंतीचे घालतो.

सातपूर_मारुती:
गिऱ्हाईक निवडताना '२०२८ ला काय करणार' हे विचारा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालंय. हे माहीत असूनही घेणारा माणूस गाडी ठेवणार. त्याला दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक, मूळ बिल द्या, मोलाची वस्तू तीच असते.

डीलरलाच द्यायची ठरली तर अधिकृत हवा, आणि वाहन पोर्टलवर फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) भरल्याशिवाय किल्ली सोडू नका. त्यानंतर चलान आणि अपघात त्याच्या माथी. साध्या माणसाला दिलीत तर ताबा दिल्याची तारीख-वेळ, किलोमीटर रीडिंग आणि दोघांच्या सह्या कागदावर घ्या.