शेजाऱ्यांचे शेततळे खचून बागेचे नुकसान: रायलंड्स खटल्याचा आधार घेता येईल का?

प्रश्न (राजापूर)
आमच्या कलमांच्या वरच्या सड्यावर शेजाऱ्यांनी ठेकेदाराकडून शेततळे बांधून घेतले. गेल्या पावसाळ्यात त्याचा तळ खचला, पाणी खालच्या जुन्या, बुजवलेल्या चिरेखाणीतून आमच्या बागेत घुसले आणि गडग्यासह बरीच कलमे गेली. खाण तिथे असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, असे शेजारी सांगतात आणि मला ते खरे वाटते. मग त्यांच्यावर दायित्व येते का? कायदा शिकणारी माझी पुतणी रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लिश खटल्याचा दाखला देते.

प्रतिसाद (रत्नागिरी)
दाखला चपखल आहे. लँकशायरमधील गिरणीमालक रायलंड्स यांनीही ठेकेदाराकडून जलाशय बांधून घेतला होता, आणि खालच्या सोडून दिलेल्या खाणींच्या उभ्या मार्गांतून पाणी फ्लेचर यांच्या कोळसा खाणीत शिरले. रायलंड्स यांची स्वतःची हयगय सिद्ध झाली नाही. तरीही न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी १८६६ मध्ये असे ठरवले की, निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी. तेव्हा इंग्लंडचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६८ मध्ये तो निकाल कायम केला, मात्र लॉर्ड केर्न्स यांनी जमिनीच्या अनैसर्गिक, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या, वापरावर भर दिला. अतिवृष्टीचा बचाव निकोल्स विरुद्ध मार्सलँड या १८७६ च्या खटल्यात मान्य झाला होता, कारण तिथला पाऊस खरोखर अभूतपूर्व होता. कोकणात आषाढातल्या मुसळधार पावसाला तसे म्हणणे मला तरी पटत नाही.

प्रतिसाद (मालवण)
वरील मांडणी योग्य असली तरी ब्रिटिश काळात भारतासाठी अंतिम अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलचा १८७४ चा निकाल तुमच्या विरोधात दाखवला जाईल. मद्रास रेल्वे कंपनीने कार्वेतनगरच्या जमीनदारांवर तलाव फुटल्याबद्दल दावा केला होता, पण सिंचनाचे पुरातन तलाव या देशात अत्यावश्यक असून ते राखणे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, त्यामुळे हयगय सिद्ध झाल्याशिवाय दायित्व येत नाही, असे ठरले. तुमच्या शेजाऱ्यांचे तळे नवे आणि खासगी आहे, हा फरक वकिलांनी ठामपणे मांडावा. सर्वोच्च न्यायालयाच्या एम. सी. मेहता (दिल्लीतील वायुगळती) खटल्यातले १९८७ चे निरपेक्ष, म्हणजे कोणताही बचाव न चालणारे, दायित्व घातक उद्योगांसाठी आहे. ते येथे ओढू नये. रायलंड्सवर सगळी भिस्त न ठेवता, खोदाईच्या वेळी भुसभुशीत भराव दिसूनही काम पुढे रेटले का, याचा पुरावा मिळवून हयगयीचाही मुद्दा दाव्यात घ्या.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तलाठ्यांचा पंचनामा झालेला आहे. आता खचलेला भाग बुजवण्याआधी अभियंत्याकडून त्याची पाहणी करून घेतो.