मुंबई ते गणपतीपुळे किनाऱ्याकिनाऱ्याने, ११ बाईक्स आणि ४ दिवस: प्लॅन तपासून द्या

मुलुंडची_रायडर

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कोकण किनाऱ्याने बाईक ट्रिप ठरवतोय, गुरुवार ते रविवार असे ४ दिवस आहेत. ११ गाड्या, १५ माणसं, म्हणजे ४ जण मागे बसणारे. गाड्या सगळ्या मिक्स आहेत, ४ क्लासिक ३५० (त्यातली एक माझी), २ हिमालयन, १ ड्यूक, २ पल्सर, १ स्प्लेंडर आणि माझा मावसभाऊ अॅक्टिव्हा घेऊन येतो म्हणतोय. अर्ध्या लोकांनी लोणावळ्याच्या पुढे बाईक नेलेली नाही, पण सगळ्यांना मनापासून यायचंय आणि मला कोणालाच नाही म्हणायचं नाहीये.

डोक्यात असलेला प्लॅन असा: पहिला मुक्काम दिवेआगर, दुसरा दापोली, तिसरा गणपतीपुळे, आणि चौथ्या दिवशी कुंभार्ली घाट चढून सातारा-पुणे करत मुंबई, म्हणजे समुद्र पण होईल आणि सह्याद्री पण. हे जमेल का? भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडव्याला जावं की पनवेल-पेण करून? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ११ गाड्या एकत्र ठेवायच्या कशा? रस्त्याची जबाबदारी माझ्यावर आहे, त्यामुळे अनुभव असलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सह्यवाट

ताई, रूट सुंदर निवडलाय, पण तिसरा आणि चौथा दिवस या ग्रुपला जमणार नाही, स्पष्टच सांगतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर किलोमीटर मोजायचे नसतात, तास मोजायचे. मुरुड ते गुहागर पट्ट्यात सरासरी ताशी २५-३० धरा आणि ते पण एकट्या गाडीला, ११ गाड्या म्हटल्या की कोणाची बॅग सरकते, कोणाला पाणी हवं असतं, कोणाला फोटो काढायचा असतो आणि प्रत्येक थांबा १५ मिनिटांचा म्हणून सुरू होऊन पाऊण तासाचा होतो. वर खाड्या आहेतच. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे अशा तीन जंगलजेट्टी (माणसं आणि गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटी), गणपतीपुळ्याला किनाऱ्याने जायचं तर तवसाळ-जयगड ही चौथी. बोट चुकली की पुढच्या बोटीपर्यंत थांबायचं किंवा खाडीला लांबचा वळसा मारायचा.

डिसेंबरात सूर्य ६ला बुडतो, साडेसहाला रस्त्यावर पूर्ण अंधार, आणि या रस्त्यांवर दिवे नाहीत, गुरं बसलेली असतात. म्हणून रोज ५च्या आत मुक्कामी, हे धरून प्लॅन करा. मी असं करेन:

गुरुवारी मांडवा, अलिबाग, चौल, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरुड, आगरदांड्याला जेट्टी, पलीकडे दिघी आणि दिवेआगर. वाटेत कोर्लईला खाडीच्या तोंडावर किल्ला दिसतो तिथे जरा थांबा. जंजिरा आतून बघायचा मोह टाळा, होडीच्या रांगेत अर्धा दिवस जातो.

शुक्रवारी दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना बोर्लीवरून आतल्या रस्त्याने जाऊ नका, भरडखोल-शेखाडी-आरावी या किनारी रस्त्याने जा. माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात देखणा तुकडा हाच आहे, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट खडकांवर फुटणारं पाणी, आणि काही ठिकाणी रस्ता लाटांपासून हाकेच्या अंतरावर. खाली दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे समोरून येणाऱ्या लेनच्या पलीकडे. पाणी बघायच्या नादात गाडी मधल्या पट्ट्याकडे सरकत जाते आणि वळणावर अचानक टमटम समोर येते, हे सगळ्यांना सकाळी निघतानाच सांगा. बघायचं असेल तर डावीकडे जागा बघून थांबा, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि मग तासभर बघत बसा, त्यासाठीच तर जातोय आपण. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले. मुक्काम आंजर्ले किंवा हर्णैला, दापोली गावात नको, ते वर घाटमाथ्यासारखं आत आहे, समुद्र सुटतो.

शनिवारी दापोली, दाभोळ, वाशिष्ठीची खाडी, धोपावे, गुहागर. दिवस हलका आहे आणि मुद्दाम हलका ठेवलाय, तिसऱ्या दिवशी नवख्या लोकांचे हात आणि कंबर बोलायला लागते. रविवारी सकाळी ६ला गुहागर सोडून चिपळूण, आणि तिथून सरळ मुंबई-गोवा हायवेने घरी. कुंभार्ली सुंदर आहे यात वाद नाही, पण कोयनानगर, पाटण, सातारा, पुणे करून यायचं म्हणजे खूपच लांब पडतं. वर एक्सप्रेसवेवर बाईक चालत नाही, त्यामुळे शेवटी थकलेल्या अंगाने जुन्या हायवेने शिंग्रोबाचा घाट (खंडाळ्याचा बोरघाट) उतरायचा, तोही रविवारी रात्री. गणपतीपुळे आणि कुंभार्लीची वेगळी ट्रिप करा.

ऐरोलीकर

सह्यवाट यांच्या दिवसांच्या हिशोबाशी १०० टक्के सहमत. पण रो-रोबद्दल थोडं वेगळं मत आहे. मुलुंड-ठाण्याच्या लोकांना भाऊचा धक्का गाठायचा म्हणजे पूर्ण शहर उभं चिरत खाली जायचं, फ्रीवेवर बाईकला बंदी असल्यामुळे सायन-परळ-भायखळा करत. अटल सेतूवर पण आपल्याला प्रवेश नाही. त्यापेक्षा ऐरोली पुलावरून नवी मुंबई, पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. पहाटे ५ला निघालात तर वडखळपर्यंत ट्रेलरचा त्रास कमी असतो. दादर-परळच्या बाजूचे लोक असतील तर त्यांनी खुशाल रो-रोने यावं, अलिबागला नाश्त्याला भेटायचं. रो-रो बाईक घेते आणि तासाभरात मांडव्याला उतरवते, २०२० पासून ही सोय झाल्यामुळे दक्षिण मुंबईवाल्यांचं चांगलं झालंय, पण बुकिंग आधी करा आणि वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी परत बघा.

आता ११ गाड्यांचं. एकत्र ठेवायच्याच नाहीत! ५ आणि ६ असे दोन ग्रुप करा, मधे १०-१५ मिनिटांचं अंतर. प्रत्येक ग्रुपला पुढे एक लीड आणि शेवटी एक स्वीप, दोघंही सगळ्यात अनुभवी. लोक जो चांगला चालवतो त्याला पुढे ठेवतात आणि मागे कोण आहे ते बघत नाहीत, पण स्वीपचं काम जास्त अवघड, कारण जो थांबतो त्याच्याबरोबर त्यालाच थांबायचं असतं. त्याच्याकडे पंक्चर किट, फर्स्ट एड आणि शांत डोकं पाहिजे. सगळ्यात नवखा माणूस लीडच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवलात तर तो पुढच्यांना गाठायला ओढत राहतो आणि तिथेच पडतो. वेग त्याच्या हिशोबाने ठरवायचा, त्यात कोणाला कमीपणा वाटायचं कारण नाही आणि ड्यूकवाल्याला हे आधीच समोर बसवून सांगा.

हायवेवर झिगझॅग चाला, म्हणजे पुढचा उजवीकडे, त्याच्या मागचा जरा डावीकडे, आणि समोरच्या गाडीपासून किमान २ सेकंदांचं अंतर. पण अलिबाग सोडलं की रस्ता दीड गाडीचा होतो, तिथे एकामागे एकच. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, आणि वळणावर एसटी येतेय असं धरूनच वळायचं. उतरताना खालच्या गिअरमधे, नुसत्या ब्रेकवर नाही.

फाट्यांवर चुकामूक होते त्याला सोपा उपाय आहे. जिथे रस्ता फुटतो तिथे लीडच्या मागचा माणूस सुरक्षित जागी थांबतो, सगळ्यांना हाताने दिशा दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे लागतो. नवखा लीडच्या मागे असेल तर हे काम तिसऱ्याला द्या. बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे व्हॉट्सअॅप लोकेशनवर विसंबू नका, मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा. आणि थांबे गावाच्या नावाने नाही, नेमक्या जागेने ठरवा, अमुक पंप, अमुक एसटी स्टँड.

पेट्रोल सगळ्यांनी एकत्र भरायचं, सगळ्यात लहान टाकीच्या हिशोबाने. अॅक्टिव्हाची टाकी ५.३ लिटरची आहे, म्हणून दीडशे किमीच्या आत सगळे भरा म्हणजे कोणावर ढकलत न्यायची वेळ येणार नाही. श्रीवर्धन, दापोली, गुहागरला पंप आहेत, पुढे बघू म्हणून सोडू नका.

आंजर्लेकरीण

मी मूळची तिकडचीच, नोकरीसाठी दादरला. तुम्ही आमच्याकडे येताय याचा खरंच आनंद आहे, फक्त काही गोष्टी कळकळीने सांगते.

जेट्टीवर ओहोटीला उतार जास्त उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. मागे बसलेल्यांना आधीच उतरवा, पहिल्या गिअरमधे सरळ, पुढचा ब्रेक न दाबता, दोन्ही पाय टेकवायच्या तयारीत चढवा. बोटीत गाडी गिअरमधे आणि साईड स्टँडवर लावून तिच्या बाजूलाच उभे रहा. सुट्टे पैसे ठेवा, नेटवर्क नसलं की ऑनलाईन पेमेंट अडकतं. शेवटच्या बोटीच्या भरवशावर तर कधीच राहू नका, गर्दी असली की ११ गाड्या एका फेरीत मावतीलच असं नाही.

बाईक वाळूत नेऊ नका. बघायला वाळू टणक दिसते, पण चाक रुतलं आणि भरती आली की गाडी वाचत नाही, आणि खारं पाणी चेनला आणि बेअरिंगला खातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू होतो. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं राखून हा किनारा कासवांसाठी टिकवलाय. पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत या, डिसेंबरात ते दिसणार नाही. रात्री किनाऱ्यावर हेडलाईट आणि गाणी पण नकोत.

वाडीतून जाताना रस्ता अंगणाला चिकटून असतो, म्हातारी माणसं, पोरं, कोंबड्या सगळं रस्त्यातच. सायलेन्सर बदललेल्या गाड्या असतील तर मूळचे परत बसवून या, पोलिसांच्या दंडासाठी नाही, आमच्या माणसांसाठी. आणि जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा, १५ जणांची ताटं घरगुती खानावळीत आयत्या वेळी होत नाहीत. सांगून आलात तर ताजी सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि शाकाहारी मंडळींना उकडीचे मोदक पण मिळतील. संध्याकाळी हर्णै बंदरात माशांचा लिलाव असतो, मुक्काम जवळ असेल तर चुकवू नका.

मुलुंडची_रायडर

मनापासून आभार सगळ्यांचे. गणपतीपुळे आणि कुंभार्ली काढून टाकलं, गुहागरहून परत. दोन ग्रुप पण ठरले. आता दोनच शंका, मावसभावाची अॅक्टिव्हा आणू द्यावी का, आणि गाड्यांची नेमकी काय तयारी करायची?

पक्कड_पाना

अॅक्टिव्हा येऊ द्या, पण एकट्याने आणि कमी सामानात. या रस्त्यावर वेग तसाही कमीच असतो. तिची चाकं लहान, त्यामुळे खड्ड्यात जास्त आपटते, आणि लांब उतारावर तिला गिअरचा आधार नाही, ब्रेक तापतात. मधे थांबून गार होऊ द्यायचे. निघण्याआधी ब्रेक शू आणि बेल्ट बघून घ्या.

बाकी गाड्यांचं सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, किमान ८-१० दिवस आधी, म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर इथेच कळेल. क्लासिकला तारांची चाकं असतील तर आत ट्यूब असणार, ट्यूबलेसचं किट तिथे उपयोगाचं नाही. क्लासिकला पुढे १९ आणि मागे १८ इंच, हिमालयनला पुढे २१ आणि मागे १७, आणि हे साईज गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक साईजची एकेक ट्यूब, टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या) आणि पंप बरोबर घ्या, आणि एकदा घरी चाक काढून बघा, म्हणजे कोणता पाना लागतो ते समजेल. क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल जास्तीची ठेवा, चेनला साधारण ५०० किमीला ल्यूब लागतं, तुमच्या ट्रिपमधे एकदा तरी मारावंच लागेल. मागे माणूस बसणार त्या ४ गाड्यांच्या मागच्या टायरमधे हवा कंपनीने सांगितली तेवढी वाढवा. बॅगा खाली आणि घट्ट, बंजीचं (बॅग बांधायच्या लवचिक दोरीचं) टोक लोंबत असेल तर ते चाकात जातं.

मागे बसणाऱ्यांना पण पूर्ण हेल्मेट, हा कायदा आहे आणि डोकं दोघांचंही असतं. कागद डिजिलॉकरमधे चालतात, तरी पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख प्रत्येकाची तुम्ही स्वतः तपासा. प्रत्येकाच्या खिशात रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद असू द्या, फोन लॉक असला की दुसऱ्याला काही कळत नाही. अॅम्ब्युलन्सचा १०८ सगळ्यांना माहीत हवा.

आणि एखाद्या रविवारी सगळ्यांना सामानासकट माळशेजला नेऊन आणा, मुरबाडवरून सकाळी जाऊन दुपारी परत. कोण कसं चालवतं, कोणाची बॅग टिकते, कोणाला दर तासाला थांबावं लागतं ते सगळं त्यात कळेल आणि लीड-स्वीप कोण हे त्यावरूनच ठरवा.