अंगावरून वारं गेल्यानंतरची उदासी : तुमचे अनुभव लिहा

अर्धांगवायूनंतर मालिश, व्यायाम, पथ्य यांवर अख्खी वाडी सल्ले देते. मन खचतं त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्ट्रोकमधून उठलेल्या साधारण तिघांपैकी एकाला कधी ना कधी नैराश्य गाठतं. सुरुवात मीच करतो.

बाबा, मालवण. उभा जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलेला. उजवी बाजू गेली, तरी तीन महिन्यांत काठी घेऊन चालू लागले, आणि मग एकाएकी थांबले. फिजिओ दारात दिसला की भिंतीकडे तोंड. होडी लागली तरी "काय गावला?" विचारीनात. आम्ही त्याला आळस म्हटलं. मी ओरडलोसुद्धा, ते अजून सलतं. एका रात्री म्हणाले, "माका आता कशाक जगवतास?" सकाळीच डॉक्टर गाठले. सरट्रालिन, ही नैराश्यावरची गोळी, सुरू झाली. चार आठवडे तरी धीर धरा, डॉक्टर म्हणाले. (वेडाची गोळी म्हणून आत्याने पाकीट दोनदा लपवलं, ते पुराण वेगळं.) पाचव्या आठवड्यात पडवीतून हाक आली, "बांगडो इलो काय रे?" व्यायाम त्यानंतर सुरू झाला, आधी नाही.

*

गुहागर. सासूबाईंची वाचाच गेलेली. उदास वाटतं का, हे विचारणार कसं? डॉक्टरांनी आम्हालाच विचारलं : झोपतात का, जेवतात का, नातवाकडे बघून हसतात का? गोळी सुरू केली आणि दहाव्या दिवशी त्या गुंगीत गेल्या, माणसं ओळखेनात. पुन्हा झटका आला समजून चिपळूणला पळवलं. रक्तातलं सोडियम उतरलं होतं! म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी तसं होऊ शकतं. गोळी बदलून मिळाली, आता अधूनमधून रक्त तपासतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना आधी दाखवा. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका.

*

अलिबाग, पेशंट मी स्वतः. आरती सुरू झाली की रडू, साबणाची जाहिरात लागली तरी रडू. मन मात्र ठीक. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, हे नैराश्य नव्हे, रडण्याहसण्यावरचा मेंदूचा ताबा सुटलाय, यालाही औषध आहे. तेव्हापासून बायको टीव्ही बंद करायला धावत नाही.

*

दापोली. आईचं करता करता दीड वर्षाने मीच कोलमडले. १४४१६ लावला, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलतात. घरात रेंज नाही, म्हणून सड्यावर जाऊन बसले. खाली आले तर आई चहासाठी खोळंबलेली.