मदत हवी आहे: टास्क मॅनेजरमधली खरी प्रोसेस आणि तोतया प्रोसेस ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी,

घरी विंडोज ११ चा डेस्कटॉप आहे, सगळे मिळून एकच वापरतो. आठवडाभर झाला, काहीही उघडलेलं नसताना पंखा जोरात फिरत राहतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर चालू असलेल्या प्रोसेसेसच्या (म्हणजे प्रोग्रॅम्सच्या) नावांची ही मोठी यादी! रनटाइम ब्रोकर, सीटीएफमॉन, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल, आणि एसव्हीसीहोस्ट तर साठेक वेळा.

अंदाजाने एकेक बंद करायला गेलो. एक्सप्लोरर बंद केल्याबरोबर टास्कबार आणि डेस्कटॉपवरचं सगळं गायब. टास्क मॅनेजरमधूनच 'रन न्यू टास्क' करून ते परत आणलं. तेव्हापासून कशाला हात लावलेला नाही.

मग डिटेल्समध्ये जाऊन सर्वांत जास्त सीपीयू खाणाऱ्या एसव्हीसीहोस्टवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं. उघडलं ते ॲपडेटामधल्या रोमिंगचं फोल्डर (युजरच्या प्रोग्रॅम्सची माहिती असते ते). बाकी पाच-सहा तपासले, ते सगळे विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये निघाले. नाव तेच आणि जागा वेगळी, असं असू शकतं का? बाबांचे बँकेचे व्यवहार याच मशीनवर होतात, त्यामुळे झोप उडाली आहे. कृपया नीट समजावून सांगा.

प्रतिसाद १:
आधी नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, मग पुढचं वाचा.

एसव्हीसीहोस्ट साठ असण्यात काही वावगं नाही. विंडोजच्या सर्व्हिसेस (पडद्यामागची कामं) त्याच्या आत चालतात. पूर्वी एकेकात अनेक सर्व्हिसेस कोंबलेल्या असत. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेकांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. पण खरा असेल तो सिस्टम३२ मधून किंवा सिसवॉव६४ या विंडोजच्याच फोल्डरमधून चालतो. रोमिंगमध्ये त्याचं काहीही काम नाही. तुमचा तोतयाच दिसतो.

खात्रीसाठी डिटेल्समध्ये 'कमांड लाइन' हा कॉलम चालू करा. खऱ्याच्या पुढे 'हायफन के' आणि सर्व्हिस गटाचं नाव असतं. युजर नेमच्या कॉलममध्ये तुमचं नाव दिसलं तर मात्र तेवढ्यावरून घाबरू नका, काही खऱ्या सर्व्हिसेसही तशाच चालतात.

जागेचा नियम सरसकट लावू नका, हेही सांगतो. एक्सप्लोररची फाइल थेट विंडोज फोल्डरमध्ये असते आणि अँटीमालवेअरवाली प्रोग्रॅमडेटामध्ये. ती डिफेंडरची (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसची) आहे, स्कॅन चालू असताना सीपीयू घेणारच. शंका आली की फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब बघा, फाइल कोणत्या कंपनीची आहे ते त्यात कळतं. पण विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींना तो टॅबच नसतो, त्यामुळे नुसता टॅब नाही म्हणून फाइल उडवू नका.

ही प्रोसेस नुसती बंद करून भागणार नाही, ती परत येईल. विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं लागतात. आणि बाबांचा बँकेचा पासवर्ड आजच बदला, पण दुसऱ्या मशीनवरून.

धागाकर्ता:
मनापासून आभार. स्कॅनमध्ये ती फाइल सापडली आणि काढली गेली, पंखाही शांत आहे. पासवर्ड फोनवरून बदलले. आता टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोजमध्ये कामं आपोआप सुरू करायची सोय) 'अपडेट' नावाचं एक काम दिसतंय. दर लॉगिनला तीच रोमिंगमधली फाइल सुरू करायचं. फाइल तर गेली, मग हे काढू का?

प्रतिसाद १:
हो, डिलीट करा. परत येत होती ती याच वाटेने. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं टूल) चालवून त्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी आणखी एखादी नोंद उरली आहे का बघा. सापडली तर इथे लिहा. तोवर बँकेचं काम फोनवरच ठेवा.